आवाज कोणाचा, सही कोणाची? : आयव्ही क्वीन आणि रेगेटोन

२००४ साली डॅडी यांकी या पोर्तो रिकन गायकाचे 'गासोलिना' हे गाणे आले आणि 'रेगेटोन' हा शब्द जगाच्या कानावर पडला. ज्यांना स्पॅनिशचा गंधही नाही अशांच्या स्मरणातही त्या गाण्यातली एक जागा राहिली आहे. पुरुषाच्या धडाधड शब्दफेकीला मध्येच उत्तर देणारा, आणखी इंधन मागणारा एका स्त्रीचा आवाज ही ती जागा. हा आवाज ग्लोरी या गायिकेचा. तिच्या तोंडचे शब्द लिहिले ते यांकी आणि एडी दी या दोन पुरुषांनी, आणि गाण्याच्या नावापुढे ग्लोरी कुठेही नाही. त्या वर्षांत इतरही पुरुष गायकांच्या गाण्यांतून तिचा आवाज असाच येऊन गेला. २००९ साली ड्यूक विद्यापीठाने रेगेटोनवरील अभ्यासलेखांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात फेलिक्स हिमेनेस यांचा ग्लोरीवर एक निबंध आहे आणि त्याच्या शीर्षकातच मिनिटाला बारा शब्द असा तिच्या वाट्याचा हिशेब मांडलेला आहे.

ज्याच्या तोंडी शब्द आहेत तो आणि ज्याने ते लिहिले तो, यांतले अंतर साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे नाही. लोकप्रिय संगीताकडे पाहताना मात्र हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. या गाण्यांत शब्द असतात हेच मुळी आपण मान्य करत नाही, मग त्यांच्या कर्तृत्वाची चौकशी दूरच. म्हणूनच 'गासोलिना'च्या आधीपासून ज्या एका स्त्रीने रेगेटोनमध्ये स्वतःचे शब्द स्वतः लिहिले आणि त्यांखाली स्वतःचे नाव घातले, तिच्याविषयी लिहावे असे आम्हांला वाटले.

मार्था इव्हेलिस पेसान्ते रोद्रिगेस हिचा जन्म ४ मार्च १९७२ रोजी पोर्तो रिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील आन्यास्को या गावी झाला. तिच्या लहानपणी कुटुंब न्यूयॉर्कला गेले आणि पुढे पुन्हा आन्यास्कोला परतले. पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, तेथील लोकांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे, आणि बेट व न्यूयॉर्क यांमधली ये-जा हा तिथल्या असंख्य घरांचा इतिहास आहे. रेगेटोन हेही अशाच ये-जांचे अपत्य होय. पनामा कालव्याच्या कामासाठी गेलेल्या कॅरिबियन मजुरांच्या वंशजांनी जमैकाचे रेगे स्पॅनिशमध्ये आणले. न्यूयॉर्कच्या वस्त्यांतून रॅप आले, आणि सान हुआनच्या तरुणांनी या दोहोंचा मेळ घातला. त्याखालचा ताल शॅबा रँक्स या जमैकन गायकाच्या १९९०-९१च्या सुमारास आलेल्या 'डेम बो' या गाण्यावरून ओळखला जातो. आठ मात्रांची तीन, तीन आणि दोन अशी विभागणी करून चालणारा हा ताल एकदा कानात बसला की निघत नाही. (त्या मूळ गाण्यात परकीय सत्तेपुढे वाकणाऱ्यांचा धिक्कार आहे, आणि त्याच दमात समलिंगी संबंधांविषयीचा तिरस्कारही आहे. ही दुसरी गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडेल.)

नव्वदीच्या दशकात या संगीताला रेगेटोन हे नाव रूढ झाले नव्हते. त्याला 'अंडरग्राउंड' म्हणत, आणि ते नाव अगदी शब्दशः खरे होते. घरगुती यंत्रावर ध्वनिमुद्रण करायचे, कॅसेटवरून कॅसेट उतरवायची आणि हातोहात पोहोचवायची, असा तो व्यवहार होता. डीजे प्लेएरो याच्या कॅसेट आणि डीजे नेग्रो याचा 'द नॉइज' हा सान हुआनमधला क्लब ही त्याची दोन मुख्य ठाणी. गाणारे बहुतेक काळे किंवा गरीब, आणि पुष्कळसे सरकारी गृहवसाहतींत वाढलेले. त्यांची भाषा शिवराळ होती हे नाकारण्याचे कारण नाही. स्त्रियांविषयीची भाषा तर अनेकदा किळसवाणी होती.

नेमक्या याच वसाहतींवर १९९३ साली गव्हर्नर पेद्रो रोसेयो यांनी 'कणखर हात' या नावाची मोहीम उघडली. गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी नॅशनल गार्डचे सशस्त्र जवान गरिबांच्या वसाहतींत शिरले. फेब्रुवारी १९९५ मध्ये पोलिसांनी सान हुआन परिसरातल्या सहा दुकानांवर छापे घालून या गाण्यांच्या कॅसेट आणि सीडी अश्लीलतेच्या कायद्याखाली जप्त केल्या. वस्ती संशयित, म्हणून वस्तीचे गाणेही संशयित, हा त्यामागचा तर्क. शासनाने कवितेचा इतका गंभीर विचार करावा असे प्रसंग इतिहासात थोडेच येतात.

मार्था या काळात 'द नॉइज'मध्ये आली. गट सगळा पुरुषांचा. तिने आयव्ही क्वीन हे नाव घेतले आणि त्या गटाच्या पाचव्या संकलनात तिचे जे गाणे आले त्याच्या नावाचा अर्थच 'आम्ही रॅपर आहोत, गुन्हेगार नव्हे' असा होतो. छापे, जप्ती आणि वर्तमानपत्री संताप यांच्या पार्श्वभूमीवर हे शीर्षक वाचले की त्यातला 'आम्ही' लक्षात येतो. गटात एकटीच स्त्री असलेली ही मुलगी स्वतःविषयी बोलण्याआधी साऱ्या गटाची वकिली करते. स्त्री म्हणून तिला या पुरुषांच्या गाण्यांशी भांडण होतेच. हिंसा आणि संभोग यांपलीकडेही लिहिण्याजोगे विषय आहेत असे तिला वाटू लागले होते. तरी पोलीस दारात उभे असताना तिने ते भांडण घरातच ठेवले. हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या नैतिकतेच्या रखवालदारांना साथ न देता आतल्या पुरुषीपणाशी झगडायचे, ही तिची पुढली सारी वाट त्या पहिल्या शीर्षकात आहे.

डीजे नेग्रोच्या आग्रहावरून ती स्वतंत्रपणे गाऊ लागली. 'एन मी इंपेरियो' (माझ्या साम्राज्यात) हा तिचा पहिला संग्रह १९९७ साली सोनी कंपनीमार्फत वितरित झाला. सैलसर कपडे, वेण्या, लांबलचक नखे, आणि प्रथमच ऐकणाऱ्याला चकवणारा खर्जातला खरखरीत आवाज, असे तिचे त्या वेळचे रूप होते. पुढच्याच वर्षी तिने स्पॅनिश-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत 'द ओरिजिनल रूड गर्ल' हा संग्रह काढला. त्यात वाइक्लेफ जाँ याच्याबरोबर एक गाणेही होते. संग्रह चालला नाही आणि कंपनीने तिचा हात सोडला. त्यानंतरची चार-पाच वर्षे ती संकलनांत तुरळक गाणी देत राहिली. त्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. सांगायचे आहे ते त्यांच्या अखेरीस आलेल्या एका गाण्याविषयी.

'किएरो बाइलार', म्हणजे 'मला नाचायचे आहे'. हे गाणे जमैकन धाटणीच्या तालावर बांधलेले आहे आणि २००३ सालच्या 'दिवा' या तिच्या संग्रहाने ते घरोघरी पोहोचवले. ते समजून घ्यायचे तर 'पेरेओ' हा नाच डोळ्यांपुढे आणावा लागतो. 'पेरो' म्हणजे कुत्रा, त्यावरून हे नाव. स्त्री पुरुषाकडे पाठ करून त्याच्या अंगाला अंग लावून नाचते. नाव आणि मुद्रा दोन्ही मुद्दाम असभ्य. २००२ साली सिनेटर वेल्दा गोन्सालेस यांनी या गाण्यांच्या चित्रफितींतील अश्लीलतेविरुद्ध जाहीर चौकशी चालवली. स्त्रियांच्या देहाचे प्रदर्शन थांबवावे हा त्यांचा आग्रह होता, आणि त्या चित्रफिती पाहिलेल्या कोणालाही तो अगदीच निराधार वाटणार नाही. पण त्यातून निघणारा मार्ग एकच होता, तो म्हणजे स्त्रीला त्या जागेवरून हटवणे.

आयव्ही क्वीनचे गाणे या चौकशीला दिलेले उत्तर आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. गाण्यातली स्त्री नाचाच्या जागेवरून हलत नाही. तिला नाचायचे आहे, घाम गाळायचा आहे, जवळही यायचे आहे, आणि हे सारे ती निःसंकोच सांगते. मग ती पुरुषाला बजावते, की यावरून मी तुझ्या शय्येवर येणार असा अर्थ काढू नकोस. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एका विधानातून दुसरे विधान निघत नाही, इतकेच तिचे म्हणणे. सिनेटरबाई आणि तो पुरुष, दोघेही नाच आणि संभोग यांत समीकरण मांडतात. एकाला ते हवे असते, दुसरीला नको. गाण्यातली स्त्री समीकरणच खोडते. संमती या विषयावर पुढे विद्यापीठांतून जे पुष्कळ लिहिले गेले त्याचा गाभा तीन-साडेतीन मिनिटांच्या नाचगाण्यात येऊन गेला होता, तोही ज्या तालावर पुरुष नेमके उलटे सांगत होते त्याच तालावर.

ती हे सांगते त्या स्वराकडेही लक्ष द्यावे. गाण्यात तक्रार नाही, उपदेश नाही, लाजही नाही. आवाज खालच्या पट्टीत, ठाम, किंचित थट्टेचा. ऐकणाऱ्या पुरुषाला नाच थांबवता येत नाही आणि बोलणे ऐकून घ्यावेच लागते. आशयाला त्याच्या विरोधी रूपातच बसवण्याची ही करामत कोणत्याही कवीने हेवा करावा अशी आहे.

आम्हांला एक अडचणही दिसते, ती लपवण्याचे कारण नाही. या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरुषालाच उद्देशून बोलणे आहे. नाचण्याच्या हक्कासाठी स्त्रीने आधी खुलासा करायचा, ही अट तशीच राहते. दुसरी स्त्री तर त्या जागेवर दिसतच नाही. हा एकटेपणा केवळ या गाण्याचा नव्हे. 'राणी', 'दिवा', 'काबायोता' (थोराड घोडी) अशी बिरुदे तिने स्वतःला लावून घेतली. कुत्र्यावरून नाव पडलेल्या नाचात घोडी होऊन उभे राहण्यात मिश्किलपणा आहे. पण राणी एकच असते, आणि प्रतिस्पर्धी स्त्रियांवर तुटून पडणारी गाणीही तिने लिहिली. दार एकाच स्त्रीपुरते किलकिले ठेवणाऱ्या व्यवसायात आत गेलेली स्त्री दुसरे काय करती, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तरी ती गाणी ऐकताना आमचे मन खट्टू होते.

'दिवा'नंतर तिने सूर बदलून पाहिला. 'फ्लॅशबॅक' (२००५) मधल्या 'ते ए केरिदो, ते ए योरादो' या गाण्यात डॉमिनिकन बाचाताची छटा आहे. तुझ्यावर प्रेम केले, तुझ्यासाठी रडले, असा त्याच्या नावाचा अर्थ. 'सेंतिमिएंतो' (२००७) या संग्रहात 'के योरेन' म्हणजे 'रडू देत त्यांना' असे गाणे आहे. दोन वर्षांत अश्रू एका बाजूकडून दुसरीकडे गेले, आणि ते केवळ क्रियापदाच्या पुरुषात आणि वचनात बदल होऊन! त्यानंतरचे संग्रह आम्हांला तितके धरून ठेवत नाहीत.

दरम्यान रेगेटोनचे केंद्र पोर्तो रिकोबाहेर सरकले, कोलंबियाचे गायक पुढे आले, मोठा पैसा आला, आणि बंदी घालणारे हात टाळ्या वाजवू लागले. २०२३ साली 'गासोलिना'ला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले रेगेटोन गाणे. त्याच वर्षी बिलबोर्डने आयव्ही क्वीनला स्त्री-कलावंतांसाठीच्या सोहळ्यात गौरवले. २०२१ साली 'लाउड' या श्राव्यमालिकेतून रेगेटोनचा इतिहास जगाला सांगण्यात आला, तेव्हा निवेदिका होती तीच. पुरुषांच्या गटातली एकटी मुलगी त्या गटाचा इतिहास आपल्या आवाजात सांगत होती.

नाचाचेही दिवस पालटले होते. जुलै २०१९ मध्ये गव्हर्नर रिकार्दो रोसेयो यांच्याविरुद्ध पोर्तो रिकोत प्रचंड आंदोलन उसळले. हे रिकार्दो म्हणजे 'कणखर हात' चालवणाऱ्या पेद्रो रोसेयो यांचे चिरंजीव. २४ जुलैच्या रात्री तरुण-तरुणींनी सान हुआनच्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर पेरेओ नाचून निषेध केला, आणि त्याच रात्री गव्हर्नरांनी राजीनामा जाहीर केला. बापाच्या पोलिसांनी ज्या नाचाच्या कॅसेट उचलून नेल्या होत्या तो नाच मुलाच्या निरोपाला हजर राहिला.

पुढच्या वर्षी बॅड बनी या तरुण गायकाने 'यो पेरेओ सोला' हे गाणे काढले. मी एकटीच नाचते, असे स्त्रीलिंगी रूपात म्हणणारे. चित्रफितीत तो स्वतः स्त्रीवेषात नाचतो. 'डेम बो'मधला तिरस्कार ज्या तालावर स्वार होऊन आला त्याच परंपरेत हे घडले, ही गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते. 'किएरो बाइलार'मधल्या स्त्रीला खुलासा करावा लागत होता. या गाण्यातल्या स्त्रीने पुरुषाला जोडीदार म्हणूनच बाद केले आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये बिलबोर्डच्या लॅटिन पारितोषिकांच्या सोहळ्यात बॅड बनीने हे गाणे सादर केले, तेव्हा त्यात आयव्ही क्वीनही होती. तिच्याबरोबर नेसी नावाची एक तरुण गायिका होती. मूळ गाण्यात, ज्या ओळीसाठी ते ओळखले जाते ती ओळ म्हणणारा आवाज या नेसीचाच. संग्रह फेब्रुवारी २०२० मध्ये बाहेर आला तेव्हा गाण्याच्या नावापुढे एकट्या बॅड बनीचे नाव होते.