महाविद्यालयीन फुटबॉल : संघ दीर्घकाळ कशाने टिकतो?

महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाची मुख्य अडचण त्याच्या रचनेतच आहे. क्लबचा खेळाडू दहा-बारा वर्षे एकाच संघाकडून खेळू शकतो. महाविद्यालयाचा खेळाडू मात्र पदवीची तीन वर्षे, आणि पदव्युत्तर शिक्षण घेतले तर आणखी दोन, एवढाच काळ संस्थेत असतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी वयाची मर्यादाही १७ ते २५ अशी आहे. आज मैदानात उतरणारे अकरा जण आणखी पाच वर्षांनी त्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाहीत. असे असूनही काही संस्थांचा खेळ पिढ्यानपिढ्या चालू राहतो आणि काहींचा संघ एकदा करंडक जिंकून विस्मरणात जातो. या फरकाची कारणे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय आपल्या जवळचा आहे. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात बीड जिल्ह्याचा समावेश होतो. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील महाविद्यालयांतून आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुलीही शिकत असतात. ही महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो आणि तेथे यश मिळाल्यास अखिल भारतीय स्पर्धेसाठी पात्र ठरतो. त्या स्पर्धेचा करंडक सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाचा आहे. वाट आखलेली आहे; त्या वाटेवर दरवर्षी कोणीतरी चालत राहील अशी सोय किती ठिकाणी आहे, हा प्रश्न आहे.

मैदान आणि गाव

फुटबॉल हा मुळात गावाचा खेळ आहे, महाविद्यालयाला तो गावाकडून मिळतो. याचे उत्तम उदाहरण गोव्याचे. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू १८८३ साली बार्देशातील शिवोली येथे आले आणि त्यांनी तेथील विद्यार्थ्यांना हा खेळ शिकविला, असे गोव्याच्या क्रीडा इतिहासात नोंदविले जाते. पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेतून आणि राशोलच्या गुरुविद्यालयातून तो पसरला. गुरुविद्यालयात खेळलेला तरुण पुढे धर्मगुरू म्हणून ज्या गावी गेला, त्या गावी चेंडूही गेला. चर्चसमोरील मोकळ्या जागेत संध्याकाळी मुले जमू लागली, गावागावांत सामने होऊ लागले. गोव्याची फुटबॉल संघटना स्थापन झाली ती १९५९ मध्ये, आणि संतोष करंडक गोव्याने प्रथम मिळविला तो १९८२-८३ मध्ये, तोही बंगालसह संयुक्तपणे. पुढच्याच वर्षी तो एकट्याने जिंकला. शिवोलीतील पहिल्या चेंडूपासून या करंडकापर्यंत शंभर वर्षे गेली. आपल्याकडे संघ स्थापन केल्यावर दुसऱ्या वर्षीच ‘निकाल’ विचारणाऱ्या संस्थाचालकांनी हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

कोल्हापुरात चर्चच्या जागी तालीम आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तेथील मुलाला बाराखडीबरोबरच पाठ होतात. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने या पेठांच्या खेळाला नियम आणि वेळापत्रक दिले. तेथील महाविद्यालयात प्रवेश घेणारा मुलगा खेळ शिकूनच येतो, प्राध्यापकांना त्याला चेंडू अडवायला शिकवावे लागत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच शहराचा. बीड जिल्ह्यात अशी तालीम नाही, चर्चसमोरचे मैदानही बहुधा नाही. तेव्हा शाळा हाच एक झरा उरतो. महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाने आसपासच्या पाच-सहा माध्यमिक शाळांशी संबंध ठेवला नाही, तर दर जून महिन्यात शून्यापासून आरंभ करावा लागतो.

एक शिक्षक

ज्या वर्षी फादर लायन्स शिवोलीत आले, त्याच वर्षी, १८८३ मध्ये, नागपूर येथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी हिस्लॉप महाविद्यालय सुरू केले, हा एक योगायोग. ही संस्था कॅथलिक नाही, पण ख्रिस्ती शिक्षणसेवेच्या परंपरेतील आहे. येथील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांना एका पावसाळी दिवशी झोपडपट्टीतील मुले तुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना दिसली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. २००१ पासून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ या नावाने त्यांनी स्पर्धा भरविल्या, त्यातूनच आज ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखले जाणारे कार्य उभे राहिले. येथील खेळाडू बेघरांच्या विश्वचषकातही खेळून आले. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा २०२२ चा चित्रपट बारसे यांच्या कार्यावर आधारलेला आहे.

चित्रपटात न मावणारी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. बारसे निवृत्त झाले तेव्हा काम थांबले नाही. त्यांनी त्याला संस्थेचे रूप दिले होते, आणि परदेशात शिकलेला त्यांचा मुलगा अभिजित हा परत येऊन त्यात सहभागी झाला होता. महाविद्यालयीन खेळात असे क्वचितच घडते. एक उत्साही क्रीडा संचालक वीस वर्षे राबतो, मुलांना स्वतःच्या खर्चाने बूट घेऊन देतो, आणि तो निवृत्त झाला की जागा रिकामी राहते किंवा मानधनावर भरली जाते. जाळी कुजते, कपाटाची किल्ली हरवते. संघ मोडला असे कोणी जाहीर करीत नाही. पुढच्या वर्षी नोंदणीचा अर्ज जात नाही, एवढेच. निवृत्तीपूर्वी किमान दोन वर्षे दुसरा माणूस सोबत तयार करणे ही गोष्ट खर्चाची नाही, तरीही ती सर्वांत कमी ठिकाणी केली जाते.

नोत्र दाम : यश आणि चुका

महाविद्यालयीन फुटबॉलचा दीर्घ कॅथलिक इतिहास अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाला आहे. तेथील फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा खेळ नव्हे. तो लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ आहे. पण संघ टिकविण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, आणि तेथील नोंदी सव्वाशेहून अधिक वर्षांच्या असल्यामुळे अभ्यासाला सोयीच्या आहेत.

पवित्र क्रूस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली ही संस्था स्थापन केली. पहिला सामना १८८७ मध्ये झाला आणि मिशिगनकडून त्यांचा ८-० असा पराभव झाला. या संघाला मोठे नाव मिळवून दिले ते नूट रॉकनी यांनी. नॉर्वेत जन्मलेले, लुथरन पंथात वाढलेले रॉकनी याच संस्थेत शिकले व खेळले, आणि १९१८ ते १९३० या काळात मुख्य प्रशिक्षक राहिले. त्यांच्या कारकिर्दीत १०५ विजय, १२ पराभव व ५ बरोबऱ्या अशी नोंद आहे. १९२५ मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. ३१ मार्च १९३१ रोजी विमान अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा हा संघही त्यांच्याबरोबर संपेल असे अनेकांना वाटले असावे. पण फ्रँक लीही यांच्या काळात, १९४३ ते १९४९ दरम्यान, संघाने चार वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

त्यानंतरचा काळ अधिक बोधप्रद आहे. १९५४ मध्ये अवघ्या पंचविशीतील टेरी ब्रेनन यांच्याकडे सूत्रे दिली गेली आणि १९५८ च्या अखेरीस त्यांना दूर करण्यात आले. पुढची पाच वर्षे निराशेची गेली. १९६३ मध्ये तर दोन विजय आणि सात पराभव. १९६४ मध्ये नेमलेले आरा पार्सेघियन प्रेस्बिटेरियन होते, शिवाय या संस्थेचे माजी विद्यार्थीही नव्हते. त्यांच्या पहिल्याच वर्षी नऊ विजय व एक पराभव असा पालट झाला, आणि १९६६ व १९७३ साली अजिंक्यपद मिळाले. याउलट १९८१ मध्ये नेमलेले जेरी फॉस्ट हे अत्यंत भाविक कॅथलिक, एका कॅथलिक शाळेच्या संघाचे विलक्षण यशस्वी प्रशिक्षक आणि सर्वांचे आवडते. पाच वर्षांत त्यांच्या वाट्याला ३० विजय, २६ पराभव व एक बरोबरी आली. त्यांच्या सज्जनपणाविषयी कोणालाच शंका नव्हती. तथापि शाळेतील संघ घडविणे आणि विद्यापीठाचा संघ चालविणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत. आपल्या संस्थांत ‘आपला माणूस आहे, प्रार्थनेला नियमित येतो’ एवढ्यावर नेमणुका होतात, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले. विद्यापीठाने फॉस्ट यांना मुदतीपूर्वी काढले नाही, दिलेला शब्द पाच वर्षे पाळला. हेही त्याच गोष्टीतले आहे. त्यांच्यानंतर आलेल्या लू होल्ट्झ यांनी १९८८ चे अजिंक्यपद मिळवून दिले. त्यानंतर आजवर ते पुन्हा मिळालेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने त्यांना ३४-२३ असे हरविले. तरीही हा संघ यशस्वीच गणला जातो.

या चढउतारांच्या मोठ्या भागात एक गोष्ट स्थिर होती. फादर थिओडोर हेस्बर्ग हे १९५२ ते १९८७ अशी सलग पस्तीस वर्षे विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि तेवढीच वर्षे फादर एडमंड जॉईस यांच्याकडे क्रीडा विभागाची देखरेख होती. प्रशिक्षक बदलले, पण खेळाडूने पदवी घेतलीच पाहिजे ही अट बदलली नाही. संघ कितीही जिंकला तरी तो विद्यापीठाचा एक विभाग आहे, विद्यापीठ संघाचे नाही, हे ठरविणारी माणसे टिकून राहिली. आपल्याकडे प्राचार्य बदलले की खेळाचे धोरण बदलते.

बीडचे ऋतुमान

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथील कोणत्याही क्रीडायोजनेने ऊसतोडीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. घरात कोयता पुरा होत नसेल, तर महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलालाही जावे लागते. मागे राहिला तर धाकट्या भावंडांची आणि म्हाताऱ्यांची जबाबदारी त्याच्यावर येते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम आणि गावे रिकामी होण्याचा काळ बराचसा एकच. पावसाळ्यात सरावाला येणारा मध्यरक्षक दिवाळीनंतर दिसेनासा होतो, तेव्हा त्याला बेशिस्त म्हणून वगळणे सोपे असते. शाळकरी मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत; महाविद्यालयातील मुलासाठी खोली आणि दोन वेळचे जेवण एवढी सोय संस्थेने किंवा धर्मग्रामाने केली, तर त्याचे शिक्षणही टिकेल आणि संघही टिकेल. नव्या गणवेशापेक्षा हा खर्च अगोदर करावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मैदानाचेही तसेच. काळ्या जमिनीवर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. नुसता मुरूम टाकून दाबला तर पडणाऱ्याचे गुडघे सोलवटतात. पाण्याचे दुर्भिक्ष असल्यामुळे हिरवळ राखणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. निचऱ्याचे चर, बारीक चाळलेली माती आणि सामन्याआधी हलके पाणी, एवढ्यावर भागवता येते. पण त्यासाठी मैदान लग्नसमारंभांना आणि सभांना भाड्याने देणे थांबवावे लागते, आणि येथेच संस्थेच्या निष्ठेची खरी परीक्षा होते.

गुणवत्ता कमी आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. ते धावपटू म्हणून घडले ते बारावीनंतर सैन्यात भरती झाल्यावर. सैन्यात त्यांना आहार, प्रशिक्षक आणि उद्याची शाश्वती मिळाली.

झटपट यशाचा एक मार्ग सर्वांना ठाऊक आहे: बाहेरगावचे तयार खेळाडू नावापुरते प्रवेश देऊन आणणे. करंडक येतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मात्र वर्षभर सराव केलेला गावचा मुलगा राखीव बाकावर बसतो आणि पुढच्या वर्षी सरावाला येत नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के आरक्षणामुळे प्रमाणपत्राचा मोह वाढला आहे, ही गोष्टही नाकारता येत नाही. जून २०१८ मध्ये परमधर्मपीठाच्या प्रापंचिक, कुटुंब व जीवनविषयक विभागाने खेळावर स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. कोणत्याही मार्गाने जिंकण्याच्या वृत्तीविरुद्ध त्यात इशारा आहे, आणि तो येथे शब्दशः लागू पडतो. तरुणपणी वाडोवित्से गावी गोलरक्षक म्हणून खेळलेले संत दुसरे जॉन पॉल यांनी २००४ मध्ये व्हॅटिकनमध्ये खेळासाठी वेगळा विभाग सुरू केला होता, हे येथे स्मरावे.

मुलींच्या संघाचा विचार बहुधा शेवटी केला जातो. बालविवाहांचे प्रमाण मोठे असलेल्या या जिल्ह्यात सरावाला येणारी मुलगी आणखी एक वर्ष शिक्षणात राहते, याला कोणत्याही करंडकाइतके मोल आहे. तिच्यासाठी सरावाची वेळ शेवटच्या एस.टी.च्या आधी संपली पाहिजे, आणि सोबत एखादी शिक्षिका किंवा सिस्टर असली पाहिजे.

प्रत्येक क्रीडा विभागाने एक साधी वही ठेवावी. खेळाडूचे नाव, शाळा, गाव, खेळण्याची जागा, दुखापती, पदवी पूर्ण केल्याचे वर्ष आणि आज तो काय करतो याची नोंद त्यात असावी. माजी खेळाडूंना वर्षातून एक दिवस, उन्हाळ्यात टोळ्या परतल्यावर, मैदानावर बोलवावे. प्रशिक्षक बदलला तर नव्याच्या हाती पहिल्या दिवशी ही वही आणि कपाटाची किल्ली द्यावी.