लग्नाने उघडलेली शाळा

सिंदखेडराजास जिजाऊंचा जन्म झाला त्या आपल्या जिल्ह्यात मुलीचे मोल सांगावयास मजूर संघटनेचा कार्यकर्ता कशाला हवा, असे कोणी म्हणेल. परंतु मोठ्या घरची मुलगी शिकते आणि मजुराची शिकत नाही, असे का, हा प्रश्न मला फार वर्षे छळीत आला आहे. म्हणून आज एका महाराणीची गोष्ट सांगतो.

गजराबाई घाटगे १८७१ साली देवासला एका सरदार घराण्यात जन्मल्या. अशा घरांत त्या काळी पडदा कडक, आणि मुलींचे शिक्षण बेताचे. १८८५ मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या चिमणाबाई झाल्या. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकऱ्याचे पुत्र. १८७५ साली दत्तक आले तेव्हा त्यांनाही अक्षरओळख नव्हती. अक्षराविना राहणे काय असते, हे त्यांनी स्वतः भोगले होते. त्यांनी पत्नीच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे परदेशांतील स्त्रियांच्या संस्था व उद्योग पाहून चिमणाबाईंनी १९११ साली भारतीय स्त्रीच्या स्थितीवर, एका सहलेखकासह, इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या.

अशीच गत दूर रशियातही दिसते. सेनाधिकाऱ्याची कन्या सोफिया कोवालेव्हस्काया १८५० मध्ये जन्मली. तिच्या लहानपणच्या खोलीच्या भिंतींना कागद कमी पडला, म्हणून वडिलांच्या जुन्या गणिताच्या टिपणांची पाने चिकटविली होती. पोर ती तासन् तास पाहात बसे. पण तेथील विद्यापीठांचे दार स्त्रियांना बंद होते. परदेशी जाऊन शिकता यावे म्हणून तिने १८६८ साली नावापुरते लग्न केले, आणि १८७४ मध्ये गॉटिंगेनची डॉक्टरेट मिळविली.

दोघींच्याही बाबतीत शाळेचे दार लग्नाने उघडले. आमच्याकडे नेमके उलटे! माझी आई खामगावच्या एका जिनात कापूस निवडीत असे. लग्न झाले आणि तिची पाटी सुटली, ती कायमची. पगाराच्या कागदावर ती अंगठा उठवी आणि बोटाची शाई पदराला पुशी. रकमेचा आकडा मात्र मुकादम सांगेल तोच खरा. मला अक्षरे गिरवावीशी वाटली ती त्या शाईच्या डागामुळे.

सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये मुलींसह साऱ्या संस्थानाला तो कायदा लागू केला. राणीला जे लग्नाने मिळाले, ते प्रजेच्या मुलीला कायद्याने मिळावे, हा त्याचा अर्थ. परंतु ज्या घरात आईची मजुरी पोटाला पुरत नाही, त्या घरातील थोरली लेक धाकट्याला कडेवर घेऊन घरीच राहते. तेव्हा मित्रहो, आईच्या पुऱ्या मजुरीसाठी भांडणे हेही लेकीला शाळेत घालण्याचेच काम आहे.