ब्लड युरियाचा रिपोर्ट आणि एका हाताचा रसायनशास्त्रज्ञ

किडनीच्या तपासणीत 'ब्लड युरिया' हा आकडा तुम्ही पाहिला असेल. बहुतेक लॅबमध्ये तो मोजण्यासाठी रक्ताच्या नमुन्यात युरिएज नावाचे एन्झाइम घालतात. ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते आणि त्यावरून युरिया किती ते कळते. नुसत्या पाण्यात ठेवलेला युरिया आपोआप फुटायला वर्षानुवर्षे लागतात. युरिएज ते काम क्षणात करते आणि स्वतः खर्ची पडत नाही.

असे कसे होते? रासायनिक क्रियेच्या वाटेत ऊर्जेचा एक घाट असतो. उत्प्रेरक रेणूंना ढकलत नाही, तो कमी उंचीची खिंड दाखवतो. (काही एन्झाइम्समध्ये हायड्रोजन घाट न चढता चक्क बोगद्यातून गेल्यासारखा पार होतो. यीस्टमधल्या, अल्कोहोलवर काम करणाऱ्या एन्झाइममध्ये १९८९ साली त्याचे पुरावे मिळाले.)

पण एन्झाइम हा पदार्थ कशाचा बनलेला असतो, हे शंभर वर्षांपूर्वी कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकेतल्या जेम्स समनर यांनी ते शोधायचे ठरवले. सतराव्या वर्षी शिकारीत मित्राच्या बंदुकीची गोळी लागून त्यांचा डावा हात कोपराखाली कापावा लागला होता, आणि ते होते डावखुरे! हार्वर्डमध्ये प्राध्यापक फोलिन यांनी त्यांना रसायनशास्त्र सोडून वकिली शिकायचा सल्ला दिला. समनर यांनी ऐकले नाही.

कॉर्नेल विद्यापीठात १९१७ पासून त्यांनी जॅक बीनमधून युरिएज वेगळे काढायचा प्रयत्न चालवला. आपल्याकडच्या अबईच्या शेंगेची ही जवळची नातलग. पीठ भिजवायचे, गाळायचे, थंड करायचे, पुन्हा पहिल्यापासून. नऊ वर्षे. १९२६ मध्ये त्यांनी पाण्यात थोडे अॅसिटोन मिसळून अर्क काढला, तो रात्रभर थंडीत ठेवला आणि सकाळी त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात स्फटिक होते. ते प्रथिन होते आणि युरिया झपाट्याने फोडत होते.

जर्मनीचे नोबेलविजेते विल्श्टेटर यांना ते पटले नाही. त्यांच्या शुद्ध केलेल्या द्रावणात एन्झाइमचे काम चालू होते, पण प्रथिन सापडत नव्हते. खरे कारण साधे होते: प्रथिन इतके कमी होते की त्या काळच्या चाचण्यांना ते दिसेना. मला वाटते, 'रिपोर्ट निगेटिव्ह' म्हणजे 'ती गोष्ट नाहीच' असे मानण्याची चूक आम्ही डॉक्टरही करतो.

१९३० मध्ये नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले, तेव्हा वाद शमू लागला. समनर यांना १९४६ साली नोबेल मिळाले. युरिएजमध्ये निकेल धातू असतो, हे कळायला १९७५ उजाडले.

आपले शरीर युरिएज बनवत नाही. जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू मात्र भरपूर बनवतो आणि त्या अमोनियाच्या आडोशाने आम्लात तगतो. म्हणून एंडोस्कोपीत घेतलेला तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जेल गुलाबी झाली, तर जंतू सापडला.