आकाशाला कुलूप नसते

2022 सालचा गुढीपाडवा. एप्रिलच्या 2 तारखेची ती संध्याकाळ विदर्भातील लोक सहजासहजी विसरावयाचे नाहीत. दिवेलागण होऊन गेली होती आणि माणसे अंगणात उभी राहून आकाशाकडे टक लावून पाहत होती. तेजाचे पुंजके एकामागून एक, शेपट्या ओढीत, संथपणे चालले होते. उल्का असती तर पापणी लवते न लवते तोच विझून गेली असती. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात धातूचे एक भलेमोठे कडे येऊन पडले. कोणी काही म्हणाले, कोणी काही. पण हा चीनच्या एका अग्निबाणाचा जुना भाग असावा, असे दूर देशी बसलेल्या निरीक्षकांनी कक्षेच्या गणितावरून लगोलग सांगितले.

परक्या राष्ट्राचा अग्निबाण घरबसल्या ओळखण्याची ही विद्या वाढली कशी? तिच्या इतिहासातले एक पान मोठे गमतीचे आहे. ते लिहिले एका शाळामास्तरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी.

इंग्लंडात केटरिंग नावाचे एक गाव आहे. जोडे तयार करण्याच्या धंद्यासाठी ते नावाजलेले. तेथील ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी हे पदार्थविज्ञान शिकवीत आणि डेरेक स्लेटर रसायनशास्त्र. स्लेटरना रेडिओचा नाद. 1960 साली त्यांना रशियन उपग्रहाचे संदेश ऐकू आले. शिट्टी वाजवीत गाडी फलाटावरून निघून गेली म्हणजे शिट्टीचा स्वर एकाएकी उतरतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. यालाच डॉपलर परिणाम म्हणतात. उपग्रह डोक्यावरून जाताना त्याच्या संदेशातही असाच फरक पडतो. मुलांना तो प्रत्यक्ष दाखवावा, एवढाच पेरींचा प्रथम हेतू होता. पण मुलांना गोडी लागली. एक साधा रेडिओ, एक तार, घड्याळ आणि वही, एवढ्या सामग्रीवर रोजची नोंद सुरू झाली.

त्या काळी उपग्रह सोडला की मॉस्को तो जाहीर करी. कक्षा किती उंचीची, कल किती अंशांचा, हेही सांगे. तो कोठून उडाला, हे मात्र विचारू नये. जाहीर झालेले एकच ठिकाण बैकानूर, आणि तेही नाव फसवे. खरा तळ त्युरातामपाशी. बैकानूर गाव तेथून शेकडो किलोमीटर दूर!

17 मार्च 1966 रोजी कॉसमॉस 112 उडाला. त्याच्या कक्षेचा कल 72 अंशांचा होता आणि केटरिंगच्या वहीतील वेळा बैकानूरशी काही केल्या जुळेनात. पेरींनी विचार केला, तो असा. उपग्रह सुमारे दीड तासात एक फेरी करतो. तेवढ्या वेळात त्याच्याखालची पृथ्वी पूर्वेकडे सरकते. हा हिशोब उलटा मांडीत गेले की पहिल्या फेरीची रेघ नकाशावर काढता येते. उड्डाणाची जागा या रेघेवरच कोठेतरी असणार. नेमकी कोठे? ते एका रेघेवरून कळत नाही. पण त्याच वर्षी निराळ्या कलाचा आणखी एक उपग्रह सुटला आणि दुसरी रेघ मिळाली. दोन्ही रेघा मॉस्कोच्या उत्तरेस, आर्खान्गेल्स्कच्या अलीकडच्या अरण्यात एकमेकींना छेदीत होत्या. ती जागा म्हणजे प्लेसेत्स्क. 1966 सालच्या अखेरीस पेरींनी ही गोष्ट जगजाहीर केली.

या जागेचा सुगावा अमेरिकन सरकारला नव्हता असे नाही. 1 मे 1960 रोजी पेशावरहून उडालेले यू-2 हे हेरविमान ज्या वाटेने जाणार होते, त्या वाटेवर प्लेसेत्स्क होते. ते स्वेर्दलोव्हस्कपाशी पाडले गेले आणि वैमानिक पॉवर्स कैद झाला. पुढे हेर-उपग्रहांनी ही जागा टिपली, परंतु तेही गुपितच राहिले. एका सरकारने लपविले, दुसऱ्याने जाणूनही सांगितले नाही. सांगितले ते शाळेने.

आता या कथेचा दुसरा भाग. 20 सप्टेंबर 1977. पहाटेचे चार वाजलेले. प्लेसेत्स्कच्या पश्चिमेस, तीनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या पेत्रोझावोद्स्क शहरावर एक प्रचंड तेजोगोल उमलला. समुद्रातल्या जेलीमाशासारखा त्याचा आकार, आणि खाली किरणांच्या झिरमिळ्या. लोक घाबरले. परग्रहावरची याने आली, खिडक्यांच्या काचांना भोके पडली, अशा अफवा उठल्या. वर्तमानपत्रांत बातमी आली, शास्त्रज्ञांच्या चौकश्या सुरू झाल्या. खरा प्रकार एवढाच की, त्याच वेळी प्लेसेत्स्कहून कॉसमॉस 955 सुटला होता. जमिनीवर अंधार असला तरी शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्याचे ऊन पोचलेले असते. तेथील विरळ हवेत अग्निबाणाचा धूर अफाट फुगतो आणि त्या उन्हात उजळून निघतो.

केटरिंगच्या शाळकरी पोरांना अकरा वर्षांपूर्वी ठाऊक झालेली जागा, तिच्या शेजारी नांदणाऱ्या माणसांना मात्र कोणी सांगितली नव्हती. सोव्हिएत सरकारने प्लेसेत्स्कचे नाव उघडपणे घेतले ते 1983 साली. तोवर भीतीने दारावर थाप मारली, तर तिला उत्तर द्यावयास घरात कोणी नव्हते.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत मुलांचे बाण विझून गेल्यावर घटकाभर गच्चीवर थांबा. एखादे संथ, अनोळखी तेज दिसलेच तर हाका मारून घर अवश्य गोळा करा. पण आधी घड्याळ पाहा, दिशा पाहा आणि दोन ओळी लिहून ठेवा. पेरी मास्तरांच्या मुलांजवळ याहून फारसे अधिक काही नव्हते.