१७८०चा ऑक्टोबर

अटलांटिक महासागरातील वादळांची जी यादी हवामानशास्त्रज्ञ प्रमाण मानतात, ती १८५१ सालापासून सुरू होते. त्याआधीचे हंगाम जुळवून काढावे लागतात. जहाजांच्या नोंदवह्या, गव्हर्नरांची पत्रे, मळेवाल्यांच्या रोजनिश्या यांतून. गेली काही वर्षे मी अशाच एका हंगामाच्या मागे आहे. १७८०च्या ऑक्टोबरात, पुऱ्या तीन आठवड्यांच्या आत, वेस्ट इंडीज बेटे आणि मेक्सिकोचे आखात यांवर तीन मोठी वादळे आली. त्यांतल्या मधल्या वादळाने सुमारे बावीस हजार माणसे मारली. अटलांटिकच्या दुसऱ्या कोणत्याही वादळाच्या नावावर एवढे बळी नाहीत. हा आकडा वाचला तेव्हा मला वाऱ्याचे कुतूहल होते. नंतर आकड्याचेच वाटू लागले.

तिकडचा हंगाम जून ते नोव्हेंबर. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून हवेच्या लाटा समुद्रावर उतरतात. पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून ऊन असेल आणि वरच्या-खालच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत नसेल, तर त्यांतली एखादी लाट गरगरू लागते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हा हंगाम ऐन भरात असतो. आपल्या अरबी समुद्राची तऱ्हा वेगळी. ऐन पावसाळ्यात खालचा वारा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे, त्यामुळे वादळ सहसा बाळसे धरत नाही. ते येते मोसमी पावसाच्या आधी किंवा तो परतल्यावर.

हे शास्त्र अठराव्या शतकात कोणाला ठाऊक नव्हते, पण व्यवहार ठाऊक होता. साखर भरलेली जहाजे ऑगस्ट उजाडण्याआधी जमैकाहून निघण्याची घाई करत, कारण त्यानंतर विम्याचे दर चढत. युद्धनौकाही शक्यतो उत्तरेकडे सरकत. ब्रिटिश दर्यासारंग रॉडनी त्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला गेला होता. पण सगळा ताफा हलवणे शक्य नव्हते, कारण अमेरिकन वसाहतींचे युद्ध ऐन रंगात होते आणि फ्रान्स व स्पेन त्यात उतरले होते. (याच वर्षअखेर इंग्रजांनी मराठ्यांकडून वसई घेतली, एकाच वेळी किती आघाड्यांवर ते लढत होते याचा आपल्याला अनेकदा विसर पडतो.) शांततेच्या वर्षी त्या समुद्रात इतकी जहाजे आणि इतके सैनिक ऑक्टोबरात सापडलेच नसते.

पहिले वादळ ३ ऑक्टोबरला जमैकाच्या पश्चिम टोकावर, सवाना-ला-मार या बंदरावर आले. समुद्र असा का फुगतो आहे हे पाहायला लोक किनाऱ्यावर गेले आणि लाटेने त्यांना गावासकट नेले. ७४ तोफांचे ‘थंडरर’ हे जहाज सर्व माणसांसह नाहीसे झाले. ‘फीनिक्स’ क्यूबाच्या खडकांवर आदळले; त्यावरचा लेफ्टनंट आर्चर वाचला आणि उघड्या होडीतून जमैकाला जाऊन त्याने मदत आणली. महिन्याभराने त्याने आईला जे लांबलचक पत्र लिहिले, ते या वादळाचे सर्वांत जिवंत वर्णन आहे.

दुसरे वादळ १० ऑक्टोबरला बार्बाडोसवर आले आणि सेंट व्हिन्सेंट, सेंट लुसिया, मार्टिनिक असे बेटामागून बेट घेत गेले. एकट्या मार्टिनिकमध्ये सुमारे नऊ हजार मेले. बार्बाडोसमध्ये दगडी इमारती पायापर्यंत उखडल्या, किल्ल्यांवरच्या जड तोफा जागच्या हलल्या. डिसेंबरात परतलेल्या रॉडनीला हे पाहून वाटले की वाऱ्याबरोबर भूकंपही झाला असणार. केवळ वारा एवढे करू शकेल यावर त्याचा विश्वासच बसेना. मार्टिनिकचा फ्रेंच गव्हर्नर बुइये याने किनाऱ्याला लागलेले इंग्रज खलाशी कैदेत न ठेवता परत पाठवले. एकाच आपत्तीतून वाचलेल्यांना शत्रू कसे मानायचे, असे त्याचे म्हणणे. इतिहासकार ही गोष्ट आवडीने सांगतात, मलाही आवडते. पण तिच्यात दोन्हीकडची माणसे गोरी आहेत, हे मला दुसऱ्या वाचनात लक्षात आले.

तिसऱ्याची कथा थोडक्यात सांगता येते. स्पॅनिश सेनानी गाल्वेस चौसष्ट जहाजे आणि सुमारे चार हजार सैनिक घेऊन १६ ऑक्टोबरला हवानाहून निघाला. त्याला ब्रिटिशांचे पेन्साकोला घ्यायचे होते. दोन दिवसांत आखातात वादळाने तो ताफा उधळला. पेन्साकोला त्याने घेतले, पण पुढच्या मे महिन्यात.

ज्यांनी हे भोगले त्यांना वादळाचा आकार दिसला नाही. तो दिसला पन्नास वर्षांनी, विल्यम रीड या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरला. १८३१च्या वादळानंतर बार्बाडोसच्या सरकारी इमारती पुन्हा उभारायला तो आला आणि वादळांच्याच नादी लागला. आरमाराच्या जुन्या नोंदवह्या मागवून कोणत्या तासाला कोणते जहाज कुठे होते आणि वारा कोणत्या दिशेचा होता, हे तो नकाशावर मांडत गेला. एकाच वेळी एका जहाजाला उत्तरेचा आणि दुसऱ्याला दक्षिणेचा वारा, म्हणजे वारा वर्तुळात फिरतो आहे. अमेरिकेत रेडफिल्डने हेच आधी पडलेल्या झाडांच्या दिशांवरून ताडले होते. १८३८ साली रीडचे पुस्तक आले, त्यात १७८०ची वादळे आहेत. ते कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टनने वाचले, बंगालच्या उपसागरातील जहाजांच्या वह्या तशाच तपासायला घेतल्या आणि १८४८ साली या वाऱ्याला ‘सायक्लोन’ हे नाव दिले. सापाच्या वेटोळ्याची कल्पना त्याच्या डोळ्यांपुढे होती. आपल्या ‘चक्रीवादळा’तले चक्र असे बार्बाडोसहून कलकत्तामार्गे आले आहे.

रीडच्या पुस्तकाची संगणकावरील प्रत वाचताना मला एका गोष्टीने अडवले. जहाजावर नोंदवही असते, गव्हर्नरकडे कारकून असतो. बार्बाडोसच्या दर पाच माणसांतली चार गुलाम होती. त्यांच्याकडे यांतले काहीच नव्हते. नुकसानीच्या सरकारी गोषवाऱ्यात ती सापडतात, गुरे आणि घोडे यांच्या शेजारच्या रकान्यात. ब्रिटिश पार्लमेंटने बार्बाडोसला ८०,००० आणि जमैकाला ४०,००० पौंडांची मदत मंजूर केली. मेलेला गुलाम हे मालकाचे नुकसान, त्यामुळे मदतीच्या हिशेबात तोही मालकाच्याच बाजूला जमा होतो. सवाना-ला-मारजवळचा मळेवाला थॉमस थिसलवूड रोज रोजनिशी लिहीत असे. वादळाने आपले घर आणि हौसेने लावलेली बाग कशी गेली, हे त्याने लिहून ठेवले आहे. गुलामांना दिलेल्या शिक्षा, गुलाम स्त्रियांवर केलेले अत्याचारही त्याने त्याच रोजनिशीत तितक्याच कोरडेपणाने नोंदले आहेत. आणि तरीही त्याच्यासारख्यांच्या कागदांवाचून अभ्यासकाचे चालत नाही.

जमैकात मालक गुलामांना पुरते अन्न देत नसत. डोंगराकडचा जमिनीचा तुकडा देत. तिथे सुट्टीच्या वेळात राबून त्यांनी आपले पोट भरायचे. मुख्य पीक भाजीच्या केळीचे. केळ वाऱ्यापुढे टिकत नाही हे कोकणात कोणाला सांगायला नको. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागावर आले, त्यानंतर मामाच्या वाडीत मी गेलो होतो. पोफळी मधोमध मोडलेल्या होत्या, केळी मुळापासून आडव्या, सगळ्या एकाच दिशेला डोके करून. मामा म्हणाला, “केळीचं काय, वर्षभरात पुन्हा येईल रे. पोफळ माझ्या हयातीत येत नाही.” त्याच्या घरात तांदूळ होता, रस्ता मोकळा झाल्यावर बाजार होता. जमैकातल्या गुलामाला ते वर्ष काढायचे होते, तेही उसाच्या मळ्यावर पुरे काम करून.

केळी पुन्हा लावल्या, तर १७८१मध्ये वादळ आले. मग १७८४, १७८५, १७८६. मधल्या काळात युद्ध संपले. अमेरिका परदेश झाली आणि १७८३च्या हुकुमाने लंडनने तिच्या जहाजांना ब्रिटिश बेटांची बंदरे बंद केली. जमैकाचा मका, पीठ आणि खारवलेले मासे तिथूनच येत. १७८०ची अखेर ते १७८७ची सुरुवात या काळात भुकेने आणि अपुऱ्या अन्नातून आलेल्या रोगांनी पंधरा हजार गुलाम मेले, असे जमैकाच्या विधिमंडळाच्या अहवालात म्हटले आहे. हे विधिमंडळ मळेवाल्यांचेच होते आणि अमेरिकेशी व्यापार खुला करा, ही त्यांची मागणी होती. आकडा त्या मागणीच्या पुष्ट्यर्थ आला आहे. तो जपून वापरावा लागतो. पण मळेवाल्यांनी आपल्या तोंडाने कबूल केलेला म्हणून त्याला वजनही आहे.

१९९५ साली रॅपपोर्ट आणि फर्नांडिस-पार्टागास या दोघा संशोधकांनी अटलांटिकच्या सर्वांत प्राणघातक वादळांची यादी प्रसिद्ध केली. मोठ्या कष्टाची, आजही सगळे वापरतात ती. १७८०च्या ऑक्टोबरातली तिन्ही वादळे तिच्यात आहेत, प्रत्येकापुढे बळींचा आकडा आहे. जमैकाच्या वादळापुढे हजाराहून थोडा अधिक आकडा दिसतो. पंधरा हजार त्यात नाहीत, आणि यादीच्या नियमाप्रमाणे असायचेही नाहीत. ते कोणा एका वादळाचे नव्हेत. मी माझ्या टिपणवहीत १७८०च्या हंगामाखाली ३० नोव्हेंबरला रेघ ओढली होती. ती खोडून आता तिथे १७८७ असे लिहिले आहे.