वंशावळ कोणासाठी लिहिली जाते?

वंशावळ म्हटले की डोळ्यांपुढे झाड येते. बुंध्याशी मूळ पुरुष, वर फांद्या, फांद्यांना नावे. हे चित्र इतके अंगवळणी पडले आहे की वंशावळ ही कोणीतरी, कोणापुढे तरी, एका विशिष्ट वेळी मांडलेली संहिता असते, याचा आपल्याला विसर पडतो. साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण कोणत्याही संहितेला काही साधे प्रश्न विचारतो. सांगणारा कोण, ऐकणारा कोण, सांगण्याचे प्रयोजन काय आणि मौन कशाविषयी आहे? बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या इतिहासाचा आधार घेऊन हेच प्रश्न वंशावळीला विचारून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठी मुलखात वंशावळ जपली ती प्रामुख्याने वतनामुळे. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेची असत आणि भाऊबंदांत वाटली जात. वाटणी आली की तंटा आला. तंटा गोतापुढे गेला की वादी आणि प्रतिवादी आपापली तकरीर देत, घराण्याचा करीना सांगत, मूळ पुरुषापासून स्वतःपर्यंत पिढ्या मोजून दाखवीत. निवाडा झाला की महजर होई. त्यावर गावच्या पाटलाची नांगराची निशाणी पडे, बलुतेदारही साक्षीला उभे राहत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या खंडांत अशी कागदपत्रे विपुल आहेत. ती वाचताना एक गोष्ट जाणवते. पूर्वजांची आठवण काढावी म्हणून कोणी पूर्वज मोजत नव्हते. हक्क धोक्यात आला होता, म्हणून मोजत होते. आणि देशमुखाच्या पिढ्यांना दुजोरा देणाऱ्या बलुतेदाराच्या पिढ्या त्या कागदावर येण्याचे काही कारण नव्हते.

इंदापूरचे नाव एका मोठ्या वंशावळीशी जोडलेले आहे. निजामशाहीतील सरदार मालोजी भोसले सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्या लढाईत पडले. पुणे आणि सुपे ही त्यांच्या जहागिरीतील ठिकाणे. बाबाजी, मालोजी, शहाजी या पिढ्या वेरूळकडच्या पाटीलकीपासून कागदोपत्री दिसतात. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी हा वंश सिसोदिया राजपुतांपर्यंत नेण्यात आला. या जोडणीविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या वादाचा निकाल येथे लावायचा नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, पराक्रमाने मिळालेल्या राज्यालाही शास्त्रसंमत मान्यतेसाठी वंशावळ मांडावी लागली. अगदी सिंहासनाचा अधिकारही या कागदावाचून पुरा मानला गेला नाही.

बारामतीचे उदाहरण याहून वेगळे आहे. कऱ्हाकाठच्या या गावाला अठराव्या शतकात महत्त्व आले ते बाबूजी नाईक जोशी यांच्या सावकारीमुळे. नाईकांचे वजन केवळ पैशाचे नव्हते. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांना बाळाजी विश्वनाथाची कन्या भिऊबाई दिली होती. बाजीरावाच्या बहिणीचे हे सासर. पुढे १७४० मध्ये बाजीरावाच्या मृत्यूनंतर रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने बाबूजी नाईकांनी पेशवेपदावरच दावा सांगितला, आणि तो यशस्वी झाला नाही, हे सर्वश्रुत आहे. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत बारामतीस स्थिरावले तेही याच नाईकांच्या आश्रयाने. म्हणजे मराठी काव्याच्या इतिहासात बारामतीला जे स्थान मिळाले, त्याच्या मुळाशी एक आश्रयदाते घराणे आहे आणि त्या घराण्याच्या प्रतिष्ठेत एका मुलीच्या लग्नाचा मोठा वाटा आहे. पुरुषांच्या नावांनी भरलेल्या वंशवृक्षात मात्र अशी मुलगी माहेरी एका ओळीत संपते आणि सासरी ‘भार्या’ म्हणून कुठेतरी कडेला उरते.

हे झाले वतनदारांचे आणि सरदारांचे. ज्याच्याकडे वतन नाही, त्या कुणब्याने पूर्वज शोधावेत कोठे? येथे पुन्हा इंदापूरच पुढे येते. इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगलने केलेली मोजणी आणि आकारणी फसली. शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. तेव्हा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नव्या पाहणीस आरंभ केला. जमिनीची प्रत नऊ वर्गांत ठरविली, शेताला सर्व्हे नंबर दिला, तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. आपल्या सातबाराची पाळेमुळे या पाहणीत आहेत. शेताच्या क्रमांकापुढे ‘अमुक बिन तमुक’ असे खातेदाराचे नाव आले. ‘बिन’ या एका शब्दात बाप आणि मुलगा अशा दोन पिढ्या कागदावर उतरल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी हक्कनोंदणीचा कायदा आल्यावर फेरफारांत वारसांची नोंद होऊ लागली आणि साध्या शेतकऱ्याच्या घराचीही एक वंशावळ तलाठ्याच्या दप्तरात साचत गेली. प्रयोजन मात्र बदलले होते. पूर्वी वतनदार आपण होऊन पिढ्या सांगत होता. आता सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरविण्यासाठी सरकार नाव विचारत होते.

इंग्रजी साम्राज्य इंदापुरात शेतांना क्रमांक देत होते, त्याच दशकात ते हिंदी महासागरातल्या एका बेटावर माणसांनाही क्रमांक देऊ लागले होते. १८३४ च्या नोव्हेंबरात ‘अ‍ॅटलस’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर मॉरिशसला नेले. पुढच्याच वर्षी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना करारबद्ध मजूर हवे झाले. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसे होती. त्यांतील बहुतेक कोकणातली, काही घाटावरची. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, जो आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जागतिक वारसास्थळ आहे, प्रत्येकाची नोंद होई. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही रजिस्टरे आहेत आणि तेथील मराठी कुटुंबे त्यांतूनच आपला पूर्वज शोधतात.

देशमुखाचा करीना आणि मजुराची नोंद यांत आणखी एक फरक आहे. करीन्यात निवेदक स्वतःविषयी बोलतो, मोठेपणाने बोलतो, प्रसंगी पूर्वजाला बादशहाच्या भेटीलाही नेतो. रजिस्टरात बोलणारा कारकून आहे. मराठी नाव त्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरले. गावाचे नाव तर बहुधा ओळखू येण्यापलीकडे गेले. आडनाव बरेचदा लिहिलेच गेले नाही, आणि बापू किंवा रामजी हे आजोबाचे पाळण्यातले नाव नातवाचे आडनाव होऊन बसले. तरीही एक गोष्ट या रुक्ष रजिस्टराने केली, जी करीन्याने केली नव्हती. जहाजातून उतरलेल्या स्त्रीला तिचा स्वतःचा क्रमांक मिळाला. तिचे नाव, तिचे वय, तिचे गाव वेगळे लिहिले गेले. मळ्याला तिचे श्रम हवे होते म्हणून हे झाले, यात उदारपणा काही नव्हता. पण दीड शतकानंतर शोधणाऱ्या पणतीला पणजी तेथे स्वतःच्या नावाने भेटते.

हा सारा विषय जुना झाला असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी दप्तरे उघडली गेली. गावोगावची कोतवाल बुके, पाहणीपत्रके, मोडीतले जन्ममृत्यूचे दाखले बाहेर आले. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद सापडली तरी ती पुरत नाही. त्या नोंदीतला माणूस आपला कोण, हे वंशावळीने दाखवावे लागते. इकडे हे चालू असताना मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या मॉरिशस भेटीत, तेथील भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळू शकेल अशी तरतूद जाहीर झाली. एकाला शिक्षणात आणि नोकरीत जागा हवी आहे, दुसऱ्याला पूर्वजांच्या देशाशी कायदेशीर नाते. दोघेही जुन्या सरकारी कागदातल्या एका नावाशी स्वतःचे नाव जोडू पाहत आहेत.

ज्यांचे नाव कोणत्याच कागदावर नाही, त्यांचे काय, हा प्रश्न यातून उरतो. ज्याच्या नावे ना शेत होते ना करार, तो भूमिहीन या दोन्ही वाटांनी हाती लागत नाही. कधीकधी गावच हरवते. १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यात जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. गावाच्या नावावरून मूळ शोधत येणाऱ्याला तेथे एवढाच पत्ता शिल्लक आहे. आणि मुलींचे म्हणाल, तर महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये त्यांना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा दिला. त्यामुळे वारसनोंदीच्या वंशावळीत त्यांची नावे मुलांच्या बरोबरीने येऊ लागली. मात्र पुष्कळ ठिकाणी त्याच कागदामागोमाग हक्कसोडपत्रही येते. नाव लिहिले जाते ते सही घेण्यापुरते.

आपल्या धर्मशास्त्राने सापिंड्याची मर्यादा पित्याकडून सात आणि मातेकडून पाच पिढ्या सांगितली आहे. याचा अर्थ आईकडच्या पाच पिढ्या माहीत असणे एके काळी गृहीत धरले होते. हे ज्ञान बहुधा घरातल्या वृद्ध स्त्रियांपाशी असे, आणि ते कोणत्याही दप्तरात जमा झाले नाही. मराठीच्या वर्गात आपण चरित्र, आत्मचरित्र, बखर शिकवतो. त्यांच्या शेजारी वंशावळ हाही एक वाङ्मयप्रकार म्हणून ठेवायला हरकत नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या घरची वंशावळ आणावी, ती कोणत्या कामासाठी आणि कोणापुढे मांडण्यासाठी तयार झाली ते विचारावे, आणि मग आईच्या, आजीच्या, पणजीच्या माहेरची नावे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तिच्यात लिहावीत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही, कारण ती नावे ज्यांना ठाऊक आहेत त्यांची वये झाली आहेत.