ठेंगण्या मचाणाचे कूळ

धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्या अमेरिकन शिकाऱ्यांत एक वाद गेली कित्येक वर्षे रंगत आला आहे. झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने आवळून टांगावयाची जी धातूची चिमुकली बैठक, जिला ते ‘हँग-ऑन स्टँड’ म्हणतात, ती जमिनीपासून वीस-पंचवीस फूट उंच चढवावी, की आठ-दहा फुटांवरच टांगावी, हा तो वाद. अनभिज्ञाला ही तकरार क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्या मुळाशी एका पुरातन कुळाचा वारसा दडलेला आहे, आणि त्याचा माग काढीत गेल्यास तो आपल्या महाशिवरात्रीच्या कथेपाशी येऊन पोहोचतो, असे माझे प्रतिपादन आहे.

श्रीधरकवींनी शके १६४० मध्ये बारामतीस पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायातील व्याध कोणा मराठी माणसाला ठाऊक नाही? त्याच्या उद्धाराचा भाग क्षणभर बाजूस ठेवून केवळ पारधीच्या नजरेने ती कथा वाचावी, म्हणजे तिच्यातील व्यावहारिक तपशील थक्क करून सोडतो. दिवसभर सावज न मिळालेला धनुर्धर रात्री पाणवठा गाठतो, पाण्याकाठचाच बेलवृक्ष हेरून त्यावर बसतो, नेमाच्या आड येणारी पाने खुडून खाली टाकीत राहतो, आणि हरिणी पाण्यावर येताच बाण लावतो. आजचा अमेरिकन शिकारी हंगामापूर्वी करवत घेऊन फांद्या छाटतो आणि त्या मोकळ्या पट्टीला ‘शूटिंग लेन’ असे भारदस्त नाव देतो; त्याहून व्याधाने निराळे काय केले? खुडलेली पाने बुंध्याशी असलेल्या शिवलिंगावरच पडत होती आणि प्रत्येक प्रहरी आलेल्या हरणाशी त्याचा सुखेनैव संवाद चालला होता, यावरून तो फार उंचावर नव्हता, असेही अनुमान मी काढतो. हरिणाच्या वाणीवर उंचीचा सिद्धांत उभारणे धार्ष्ट्याचे आहे खरे. पण ‘शिवपुराणा’च्या कोटिरुद्रसंहितेतही हाच प्रसंग येतो आणि तेथे पानांसोबत व्याधाजवळचे पाणीही खाली लिंगावर सांडते. झाडावर बसलेल्या आणि हरणाची वाट पाहणाऱ्या धनुर्धराचे याहून रेखीव जुने चित्र माझ्या वाचनात नाही.

या दाव्याला पहिला प्रतिवादी इंग्लंडातून उभा राहतो, आणि तो दुबळा नाही. अमेरिकनांचा ‘स्टँड’ हा शब्द निःसंशय तिकडचा. लंडनजवळ एपिंगच्या अरण्यात चिंगफर्ड येथे आठव्या हेन्रीसाठी १५४३ मध्ये बांधलेली लाकडी सांगाड्याची इमारत आजही उभी आहे. तिचे मूळचे नाव ‘ग्रेट स्टँडिंग’, आणि तिच्या उघड्या मजल्यांवरून राजाच्या पाहुण्यांनी खालून जाणारी हरणे पाहावीत व टिपावीत, अशी योजना होती. एलिझाबेथ राणीने १५९१ मध्ये ससेक्समधील काउड्रे येथे अशाच एका सजविलेल्या बैठकीवरून, गाणेबजावणे चालू असता, क्रॉसबोने हरणे मारली. त्याच काळी, १५९८ मध्ये, जॉन मॅनवुडने अरण्यविषयक कायद्यांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात चोरट्या शिकारीचे चार पुरावे सांगितले असून त्यांतील एकाचे नाव ‘स्टेबल-स्टँड’ आहे: धनुष्य चढवून मोक्यावर दबा धरून उभा असलेला इसम सापडला, की मुद्देमालावाचूनही गुन्हा शाबीत.

तेव्हा शब्दाचा निवाडा इंग्लंडाच्या बाजूने द्यावा लागतो. वस्तूचा मात्र नाही. चिंगफर्डला आहे ती इमारत, काउड्रेला होता तो मांडव, आणि मॅनवुडचा चोर आपल्या पायांवर जमिनीवर उभा आहे. यांपैकी झाडावर कोण चढला?

झाडावर चढला तो हिंदुस्थानातला शिकारी, आणि त्याच्या बैठकीचे नाव मचाण. संस्कृत ‘मञ्च’ हे त्याचे मूळ. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याचे दख्खनी रूप ‘मंचान’ असे नोंदले आहे, आणि वाघासाठी व शेतराखणीसाठी, दोन्हींसाठी उभारलेला माळा असा त्याचा अर्थ दिला आहे. राजगडाची सुवेळा माची आणि जोंधळ्याच्या शेतात गोफण घेऊन बसावयाचे मचाण ही मला तरी एकाच घराण्यातली भावंडे वाटतात. साहेबलोकांनी शिकारकथांतून हा शब्द जगभर नेला. कॉर्बेटने १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या आंब्याच्या झाडावरील मचाणावरूनच मारला, हे तर सर्वश्रुत आहे.

अमेरिकेचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये केवळ धनुर्धरांसाठी हरणाचा स्वतंत्र हंगाम उघडला. मिसूरीच्या हॉलेस ॲलनला चाके बसविलेल्या कंपाउंड धनुष्याचे एकस्व १९६९ मध्ये मिळाले. त्यापुढील दशकांत झाडावर टांगावयाच्या बैठका कारखान्यांतून निघू लागल्या. विस्कॉन्सिनचा हंगाम आणि ॲलनचे एकस्व या दोहोंच्या मध्ये, १९६३ साली, मिशिगनमधील ग्रेलिंगचा धनुष्य-कारखानदार फ्रेड बेअर, ज्याचा शब्द अमेरिकन धनुर्धरांत प्रमाण मानला जाई, वाघासाठी भारतात आला आणि बाणाने वाघ मारून परतला. येथील वाघाच्या शिकारीत तेव्हा मचाण हा वहिवाटीचा भाग असे. ते पाहून गेलेल्या माणसाच्या गोष्टी देशभर ऐकल्या गेल्या, आणि पुढे दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेतील जंगले लोखंडी मचाणांनी भरली. त्यांच्याकडचे शेतकरी आधीही फांद्यांत फळ्या ठोकीत होते, असा आक्षेप येईल. येऊ द्या. फळी ठोकणे निराळे आणि तिची रीत होणे निराळे.

पण हा वारसा घेताना त्यांनी एक भलतीच गोष्ट पदरात बांधून घेतली, आणि ती म्हणजे उंची. साहेबाचे मचाण उंच असे, कारण खाली वाघ होता आणि हातात बंदूक होती. हरीण झेप घेत नाही, आणि बाण ही गोळी नव्हे. वीस फुटांवर उभ्या असलेल्या धनुर्धराने तीस फुटांवरील हरणावर नेम धरला, तर बाण सुमारे ३६ अंशांनी खाली उतरतो. पाठीच्या कण्यालगत शिरून पुष्कळदा एकच फुप्फुस भेदतो, आणि एका फुप्फुसावर जखमी हरीण मैलभरही पळू शकते. तीच बैठक आठ फुटांवर असली, तर कोन साधारण १८ अंशांवर येतो आणि दोन्ही फुप्फुसे बाणाच्या वाटेत येतात. ठेंगण्या मचाणाचा सारा युक्तिवाद या भूमितीत आहे, आणि व्याधाला ती, माझ्या मते, हाताने ठाऊक होती.

मात्र खाली बसणाऱ्याला पाठीमागे दाट आडोसा लागतो. मोकळ्या बुंध्यावर त्याची आकृती आकाशावर उमटते. म्हणून अमेरिकेत सीडर आणि हेमलॉक या सदाहरित झाडांना, किंवा एकाच मुळातून तीनचार खोडे फुटलेल्या झाडांना, पसंती मिळते. येथे माझे मित्र विचारतात की, बेल तर काटेरी, इंच-इंचभर काट्यांचा. त्यावर रात्रभर बसणार कोण? मी उत्तर देतो की, पाणवठ्यालगत दाट पानांचे जे झाड असेल, ते शिकारी काट्यांसकट पत्करतो.

उंचीवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला खोडता आलेला नाही, आणि तो गंधाचा. वीस फुटांवरच्या माणसाचा वास पुष्कळदा हरणाच्या डोक्यावरून निघून जातो. आठ फुटांवरच्याचा सरळ नाकात जातो. म्हणून ठेंगण्या बैठकीवाल्याला वारा पाहून झाड निवडावे लागते, दोन-तीन झाडांवर बैठकीची तजवीज आधीच करून ठेवावी लागते, आणि ऐन वेळी वारा फिरला, तर सावज दिसत असतानाही पट्टा सोडून निमूटपणे खाली उतरावे लागते.